बातम्या न लावता बातमीत राहायचं कसं?

पुण्यात अशी घरं आता पुष्कळ आहेत जिथे दारात पेपर पडत नाही, टीव्हीवर बातम्या लागत नाहीत आणि रात्रीच्या चर्चेत सहा चौकटींतून एकमेकांवर ओरडणारी माणसं कुणालाच बघवत नाहीत. म्हणून त्या घरांतल्या लोकांना काहीच कळत नाही असं मात्र नाही. कोणता नेता काय बोलला, कोणत्या पुलाचं काम रखडलं, शेअर बाजार का आपटला, हे सगळं त्यांच्या कानावर असतं. ते येतं रीलमधून, स्टँडअपच्या क्लिपमधून, पॉडकास्टमधून, वेब सिरीजमधून आणि ऑफिसच्या ग्रुपवर पडलेल्या मीममधून.

यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. आपल्याकडे बातमी करमणुकीचे कपडे घालून येण्याची रीत जुनी आहे. तमाशातला सोंगाड्या बतावणीत गावच्या पाटलापासून दिल्लीच्या मंत्र्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायचा. १८९० च्या दशकात गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि पुण्यात मेळे निघू लागले, तेव्हा ज्यांना ‘केसरी’ वाचता येत नव्हता त्यांच्यापर्यंतही राजकारण पदांमधून पोचलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी डफावर थाप मारून जे केलं, ते एकट्या अग्रलेखांना जमलं नसतं.

फक्त तेव्हा एक सोय होती. मेळ्यातलं पद ऐकून आलेल्याला पारावर किंवा हॉटेलात पेपर वाचणारा कुणीतरी भेटायचा आणि सांगायचा, “अरे, ते झालं मागच्या महिन्यात. आता कोर्टाने वेगळंच काहीतरी म्हटलंय.” हा माणूस आपल्या रोजच्या आयुष्यातून उठून गेला. त्याचं काम आपलं आपण कसं करायचं, ते पुढे सांगते.

आधी आठवड्याचा जमाखर्च

लगेच नवीन काही सबस्क्राइब करू नका. आत्ता जे बघताय त्याचाच हिशोब मांडा. रविवारी सकाळी यूट्यूबची हिस्टरी उघडा, इन्स्टाग्रामवर सेव्ह केलेलं बघा, व्हॉट्सॲपवर तुम्ही स्वतः पुढे ढकललेलं बघा. वहीत तीन रकाने आखा: काय कळलं, कशातून कळलं, गोष्ट कधीची.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना चालू घडामोडी शिकवताना मी हे करून घेते. पहिला रकाना झरझर भरतो, दुसरा आठवून आठवून भरतो आणि तिसऱ्यात नुसती प्रश्नचिन्हं पडतात. एका मुलीने लिहिलं होतं: “हिंजवडीची मेट्रो रखडली, महामेट्रोचा गलथानपणा, स्टँडअपची क्लिप, तारीख माहीत नाही.” क्लिप मजेदार होती, मीही हसले. पण हिंजवडी ते शिवाजीनगर ही तिसरी मार्गिका महामेट्रोची नाहीच. ती पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) खासगी भागीदारीतून हाती घेतलेली आहे. महामेट्रोच्या दोन मार्गिका वेगळ्या, आणि त्यांचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. विनोद करणाऱ्याला एवढा तपशील देण्याची गरज नसते, त्याला हशा हवा असतो. पण त्याच्या भरवशावर तक्रार करायला निघालात तर चुकीच्या ऑफिसात जाऊन बसाल.

कुणाकडून काय घ्यायचं

सगळं एकाच मापाने मोजू नका. बोल भिडू, विषय खोल यांसारख्या मराठी चॅनेलवर गप्पांच्या सुरात विषय उलगडून सांगतात. पार्श्वभूमी समजून घ्यायला ते चांगलं. मात्र एखादा व्हिडिओ वर्षभराने तुमच्यासमोर येतो तेव्हा त्यातला शेवट शिळा झालेला असू शकतो. म्हणून प्ले करण्याआधी तारखेवर नजर टाका.

करमणुकीतून माणूस खरंच शिकतो का, याचं एक चांगलं उत्तर अमेरिकेत मिळालं. स्टीफन कोल्बेर या विनोदवीराने २०११ मध्ये आपल्या कार्यक्रमातून एक खरीखुरी ‘सुपर पॅक’ काढली. सुपर पॅक म्हणजे निवडणूक प्रचारासाठी अमर्याद पैसा गोळा करू शकणारी समिती. तिथल्या निवडणूक आयोगाचा माजी अध्यक्ष असलेला वकील समोर बसवून त्याने अर्ज भरले, देणग्या घेतल्या आणि देणगीदाराचं नाव कायद्यात राहूनच कसं झाकता येतं तेही करून दाखवलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲनेनबर्ग केंद्राचा अभ्यास २०१४ मध्ये आला. त्यात असं दिसलं, की निवडणूक निधीच्या नियमांबद्दल या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांना वृत्तवाहिन्या बघणाऱ्यांपेक्षा जास्त कळलं होतं. मला तरी कारण सरळ वाटतं. तो पुढाऱ्याच्या बोलण्याची नक्कल करून थांबला नाही. त्याने प्रक्रिया दाखवली, आणि तीच गोष्ट कित्येक महिने धरून ठेवली.

कार्यक्रम निवडताना मी हीच कसोटी लावते. विनोद माणसाच्या चालण्यावर, उच्चारांवर, पोटावर असेल तर हसून सोडून द्यायचं. विनोद फाइल कुठून कुठे गेली, पैसे कुणी मंजूर केले, टेंडर कितीदा निघालं यावर असेल तर थांबून ऐकायचं.

तीन-तीन तासांच्या पॉडकास्टबद्दल माझं मत फारसं बरं नाही. पाहुणा ओघात पन्नास विधानं करतो, यजमान प्रत्येकाला “क्या बात है” म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला आपण फार अभ्यास केल्यासारखं वाटतं. ऐकायचाच असेल तर पाहुणा आत्ताच का आलाय ते आधी शोधा: पुस्तक येतंय, सिनेमा येतोय, की निवडणूक जवळ आहे? आणि त्याने दिलेला प्रत्येक आकडा लिहून घ्या. त्यातले दोन तरी तपासून बघा, म्हणजे उरलेल्यांवर किती विश्वास टाकायचा याचा अंदाज येतो.

पुण्यात राहणाऱ्याला आणखी एक माध्यम फुकटात मिळतं आणि ते आपण बातमीचं साधन मानत नाही, ते म्हणजे गणपतीतले जिवंत देखावे. पेठांमधली मंडळं दहा-पंधरा मिनिटांचं नाटुकलं बसवतात, संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात, कार्यकर्तेच कलाकार असतात. विषय बहुतेक वेळा आसपासचाच: मोबाइलचं वेड, दारू पिऊन गाडी चालवणं, सायबर फसवणूक. यातून त्या वर्षी लोकांना काय डाचतंय ते नेमकं कळतं. शेवट मात्र ठरलेला: निवेदकाचा धीरगंभीर आवाज, एक संदेश आणि आरती. पुढचं काम तुमचं. ‘डिजिटल अरेस्ट’वरचा, म्हणजे पोलिस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करून पैसे उकळण्यावरचा, देखावा बघून घाबरून घरी आलात, तर त्याच रात्री दोन गोष्टी माहीत करून घ्या. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. आणि पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

एकांकिकांचंही तसंच. पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात स्पर्धेच्या दिवसांत एक सत्र बसून बघा. वीस वर्षांच्या मुलांना वसतिगृह, भरती परीक्षा, जात, नोकरी यांतलं काय बोचतंय ते कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा लवकर कळतं. प्रेक्षागृहातल्या आरोळ्या सहन करायची तयारी ठेवा.

व्यंगचित्रांचा एक व्यायाम सुचवते. बालेवाडीत आर. के. लक्ष्मण यांच्या कामाचं संग्रहालय आहे, २०२२ मध्ये उघडलेलं. तिथे जाऊन किंवा जुना संग्रह उघडून एखादं चित्र घ्या, तारीख बोटाने झाका आणि यामागची बातमी काय असेल ते ओळखा. बहुतेकदा महागाई, खड्डे, मंत्र्याचा दौरा एवढंच ओळखता येतं. वर्ष सांगता येत नाही. आजची मीमं बघतानाही आपलं नेमकं हेच होत असतं, फक्त आपल्याला ते जाणवत नाही.

तीन प्रश्न, आणि एक निबंध

कुठलीही क्लिप बघून झाली की तीन प्रश्न विचारायचे. हे कधीचं? हे कुणी ठरवलं? पुढे काय झालं? पहिल्या दोघांची उत्तरं करमणुकीत कधीतरी सापडतात. तिसऱ्याचं जवळजवळ कधीच नाही, कारण विनोद त्याच्या हशाच्या जागी संपतो आणि प्रकरण पुढे चालतच राहतं.

पुण्यातलंच उदाहरण घेऊ. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने मोटारसायकलला उडवलं आणि दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचं समोर आलं. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला आणि अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं. पुढचे कित्येक दिवस देशभर ‘निबंध’ हा एकच विनोद चालला. मीमं झाली, स्टँडअपमध्ये आला, आणि ज्यांनी एकही बातमी वाचली नव्हती त्यांनाही निबंध माहीत होता.

आता तीन प्रश्न लावा. कधीचं? जामिनाचा तो आदेश १९ मेचा. कुणी ठरवलं? अनेकांच्या बोलण्यात ‘पोलिसांनी सोडलं’ असं येतं. निर्णय पोलिसांचा नव्हता, बाल न्याय मंडळाचा होता. अटींमध्ये निबंधाशिवाय वाहतूक पोलिसांबरोबर पंधरा दिवस काम आणि समुपदेशनही होतं, पण त्यात हसण्यासारखं काही नसल्यामुळे ते गळलं. पुढे काय झालं? संतापाची लाट उठल्यावर २२ मे रोजी मंडळाने आपला आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा आदेश दिला. खटला प्रौढ म्हणून चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. म्हणजे ज्याला फक्त निबंध माहीत आहे, त्याचं घड्याळ पहिल्या दिवशीच बंद पडलं आहे.

याच प्रकरणात त्याहून वाईट गोष्ट घडली. आरोपी मुलगाच मस्तवालपणे रॅप करतोय असं सांगत एक व्हिडिओ फिरला. लोकांनी चिडून तो भराभर पुढे पाठवला. तो मुलगा त्यात नव्हताच. व्हिडिओ दुसऱ्याचा असल्याचं पुणे पोलिसांना जाहीर करावं लागलं. आपल्या रागाला जे अगदी फिट्ट बसतं, ते पुढे ढकलण्याआधी पाच मिनिटं हात आवरणं हा या सगळ्यातला सर्वात अवघड भाग आहे, आणि त्याला कुठलंही ॲप उपयोगी पडत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायची रीत सोपी आहे. गुगलवर घटनेच्या नावाबरोबर ‘सुनावणी’, ‘निकाल’, ‘आरोपपत्र’, ‘शासन निर्णय’ यांपैकी योग्य शब्द टाका आणि ‘टूल्स’मध्ये जाऊन गेल्या महिन्यापुरतं शोधा. विषय संसदेतल्या विधेयकाचा असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या संकेतस्थळावर विधेयकाचा सारांश आणि ते कुठे पोचलंय ते मिळतं. राज्य सरकारचा निर्णय असेल तर शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचा वेगळा विभाग आहे. तिथला जीआर मराठीतच असतो. त्याची भाषा रुक्ष असते, पण पहिल्या पानावरची तारीख आणि विभाग एवढं वाचलं तरी निम्मं काम होतं. न्यायालयाचा निकाल हवा असेल तर इंडियन कानून. आणि प्रकरण अजून चालू असेल तर फोनमध्ये एक महिन्यानंतरचं रिमाइंडर लावून ठेवा: ‘अमुकचं काय झालं?’ पारावरचा तो माणूस म्हणजे आता हे रिमाइंडर.

‘सत्य घटनेवर आधारित’

सिरीज आणि सिनेमाने एक फार मोठं काम केलं आहे. ज्या विषयांकडे आपण ढुंकून बघितलं नसतं त्यांत आपल्याला रस निर्माण करून दिला. हर्षद मेहता प्रकरणावरची ‘स्कॅम १९९२’ ही सिरीज ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि ज्यांचा जन्मच त्या घोटाळ्यानंतरचा, त्या पोरांच्या तोंडी ‘बँक रिसीट’ हा शब्द आला.

अशी सिरीज बघण्याची माझी पद्धत अशी. सुरुवातीची ती पाटी सोडून पुढे जाऊ नका. पॉज करून वाचा. ‘आधारित’ आहे की ‘प्रेरित’? पात्रं आणि प्रसंग काल्पनिक असू शकतात असं लिहिलंय का? कोणत्या पुस्तकाचा हक्क घेतलाय? ही सिरीज सुचेता दलाल आणि देबाशीष बसू यांच्या पुस्तकावर बेतलेली आहे, आणि दलाल स्वतः त्या गोष्टीतलं एक पात्र आहेत. म्हणजे गोष्ट कुणाच्या बाजूने दिसतेय ते इथेच कळलं.

मग बघताना एका कागदावर फक्त तारखा आणि संस्था लिहा. संवाद, प्रेम, बापलेकांचे प्रसंग लिहू नका, ते लेखकाचे असतात. कागदावर असं काहीतरी उरतं: एप्रिल १९९२ मधली टाइम्स ऑफ इंडियातली बातमी, स्टेट बँक, रिझर्व्ह बँकेने नेमलेली जानकीरामन समिती, संयुक्त संसदीय समिती, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी. या प्रत्येक नावावर पाच-दहा मिनिटं दिली की कळतं, की यातलं सगळं खरोखर होतं. सेबीला कायद्याचे अधिकार १९९२ मध्येच मिळाले हेही कळतं.

आणि मग पुन्हा तिसरा प्रश्न. घोटाळा उघड झाल्यानंतर राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार १९९४ मध्ये सुरू झाले, डिपॉझिटरी कायदा १९९६ मध्ये आला आणि कागदी शेअर हळूहळू डीमॅटमध्ये, म्हणजे खात्यातल्या इलेक्ट्रॉनिक नोंदींत, गेले. तुमच्या आजोबांच्या कपाटात पिवळी पडलेली शेअर सर्टिफिकेटं असतील, तर ती आज थेट विकता का येत नाहीत याचं उत्तर या पुढच्या गोष्टीत आहे. इथवर आलात तर तुम्ही करमणुकीतून अर्थकारण शिकलात असं मी म्हणेन. नुसतं शीर्षकसंगीत गुणगुणत असाल तर नाही.

आपल्या गल्लीचं कोण बघणार?

करमणुकीला दिल्ली-मुंबईचे विषय आवडतात, कारण प्रेक्षक मोठा. तुमच्या प्रभागातल्या पाण्याच्या वेळेवर कुणी सिरीज काढणार नाही. स्थानिक रील बनवणारी मुलं खड्ड्यांवर आणि ट्रॅफिकवर भरपूर विनोद करतात, पण त्यात ‘कुणी ठरवलं?’ या प्रश्नाचा नेहमी घोटाळा होतो. ‘नगरसेवक झोपलाय का?’ हा त्यांचा आवडता टोला. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं महापालिकेत प्रशासकाचा कारभार होता. म्हणजे त्या काळातल्या रीलमध्ये ज्याला शिव्या पडत होत्या तो पदावरच नव्हता. शिवाय पुण्यातला रस्ता महापालिकेचा असू शकतो, सार्वजनिक बांधकाम खात्याचा असू शकतो, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा किंवा कॅन्टोन्मेंटचाही असू शकतो. आपल्या रोजच्या वाटेवरचे दोन-तीन रस्ते कुणाचे आहेत ते एकदा शोधून ठेवा, आयुष्यभर उपयोगी पडतं.

दुसरा घोटाळा जुन्या व्हिडिओंचा. दर पावसाळ्यात डेक्कनजवळचा ‘भिडे पूल पाण्याखाली’ असा व्हिडिओ फिरतो, खाली कुणीतरी होडीचा विनोद टाकतं आणि कोथरूडकडे निघालेले लोक वाट बदलतात. पूल बहुतेक वर्षी बुडतोच, त्यामुळे व्हिडिओ खोटा नसतो, फक्त मागच्या किंवा त्याच्या मागच्या वर्षीचा असतो. अशा वेळी पाण्याकडे बघू नका, मागे बघा. नदीपात्रात मेट्रोचे खांबच दिसत नसतील तर व्हिडिओ कित्येक वर्षांपूर्वीचा. खांबांवरून प्रवासी घेऊन गाडी जाताना दिसली तर तो १ ऑगस्ट २०२३ नंतरचा, कारण गरवारे कॉलेजच्या पुढे डेक्कनकडे गाडी तेव्हा सुरू झाली. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीचे फ्लेक्स, झाडांवरचा मोहोर, बसचा रंग, सगळं काही ना काही सांगत असतं. यानेही भागलं नाही तर व्हिडिओचा स्क्रीनशॉट गुगल लेन्समध्ये टाका. आणि न्यूजचेकर, विश्वास न्यूज, फॅक्ट क्रेसेंडो हे तिघंही मराठीत पडताळणी करतात. पीआयबी फॅक्ट चेक मात्र केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरतं आहे, महापालिकेच्या बाबतीत तिथे काही मिळणार नाही.

घरच्या ग्रुपवर कुणाला खोडून काढू नका. “काकू, हे खोटं आहे” म्हटलं की काकूंचा अपमान होतो आणि पुढच्या वेळी त्या तुम्हाला वगळून पाठवतात. “काकू, हा कधीचा आहे हो? मी आत्ताच डेक्कनवरून आले, पूल चालू होता,” एवढं पुरतं.

फोनला वळण लावणं

याला फार वेळ लागत नाही. रोजच्या फीडवर जे येईल ते बघण्याऐवजी पाच-सहा चॅनेल निवडून सबस्क्राइब करा आणि यूट्यूबवर ‘सबस्क्रिप्शन्स’च्या टॅबमधूनच आत शिरा. त्यात किमान एक असा असू द्या ज्याचे विनोद तुमच्या आवडत्या पक्षावर असतात. हसू आलं नाही तरी चालेल. नुसता संताप आणणाऱ्या क्लिपवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा. आठवड्याभरात फीड बदलायला लागतं.

आणि दिवसातून एकदा, फक्त पाच-दहा मिनिटं, साध्या बातम्या कानावर पडू द्या. यासाठी माझी शिफारस आकाशवाणी पुण्याच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्यांची. आरडाओरडा नाही, संगीत नाही, ब्रेकिंग नाही. चहा होईपर्यंत बातम्या संपतात, आणि दिवसभरातल्या मीममध्ये कशाची टिंगल चालली आहे ते आपोआप कळतं.

इथे करमणूक चालत नाही

तीन-चार विषय असे आहेत जिथे रीलवरून काहीही ठरवायचं नाही.

तब्येत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड, किरकटवाडी, धायरीकडे गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा हे खाऊ नका, ते खाऊ नका असे सल्ले विनोदासकट फिरत होते. हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. पाणी उकळून प्या, हा सरकारी सल्ला कंटाळवाणा होता आणि तोच उपयोगाचा होता.

पाऊस आणि धरण. २५ जुलै २०२४ रोजी पहाटे नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्या दिवशी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकपर्यंत विसर्ग गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर. हिशोब केला तर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर पाणी होतं. नदीकाठी राहणाऱ्याने ‘आज किती क्युसेक’ हा आकडा जलसंपदा विभागाच्या किंवा महापालिकेच्या सूचनेतून घ्यावा, रीलमधून नव्हे.

मतदान. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका-जिल्हा परिषद राज्य निवडणूक आयोग. हे दोन वेगळे आयोग आहेत. तारीख, मतदान केंद्र, यादीतलं नाव संबंधित आयोगाच्याच ठिकाणी बघा. पैशांच्या गुंतवणुकीचं तर बोलायलाच नको.

कुठेच उत्तर मिळालं नाही तर

कधी कधी तीनही प्रश्न लावून, सगळी संकेतस्थळं पालथी घालूनही हाती काही लागत नाही, विशेषतः स्थानिक विषयात. तेव्हा माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. अर्ज मराठीत चालतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. शुल्क १० रुपये, त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो. उत्तराची मुदत ३० दिवस.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘आमच्या रस्त्याची अशी अवस्था का?’ असं लिहिलं तर अर्ज परत येईल, कारण या कायद्यात कार्यालयाकडे असलेली कागदपत्रं मिळतात, खुलासे नाहीत. असं लिहा: ‘अमुक चौक ते तमुक चौक या रस्त्याच्या शेवटच्या डांबरीकरणाच्या कार्यादेशाची प्रत, ठेकेदाराचं नाव, दिलेली रक्कम आणि दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख द्यावी.’ हा कालावधी चालू असेल तर खड्डा ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो.